आमची जुनी मोटार आणि खारें पाणी

दर्यापूरच्या आमच्या घरीं, जेथें पूर्वीं बैलांचा गोठा होता त्या जागीं, आज एक मोटार उभी असते. ती फोर्ड कंपनीची 'मॉडेल ए' जातीची असून माझ्या पणजोबांनीं ती १९२९ सालीं विकत घेतली. माझा जन्म १९६० चा. म्हणजे वयानें ती मला एखाद्या आत्याबाईसारखी वडील आहे. परगांवचे पाहुणे तिला पाहावयास आले म्हणजे "जुनें तें सोनें!" असें हटकून म्हणतात. ती म्हण खोटी आहे असें माझें म्हणणें नाहीं. परंतु सोनें पेटींत बंद करून ठेविलें तर शंभर वर्षांनींहि तें सोनेंच निघतें, आणि मोटार बंद करून ठेविली तर दहा वर्षांत तिचें भंगार होतें. जुनी मोटार चालते याचा अर्थ इतकाच कीं, इतकीं वर्षें कोणी ना कोणी रोज उठून तिची थोडीबहुत सेवा करीत आलें आहे.

लहानपणीं त्या सेवेंतील एक अगदीं लहानसें काम माझ्याकडे होतें. तें मीं चुकविलें. त्याची शिक्षा मला झाली नाहीं. ती दुसऱ्या एका माणसानें भोगली. ही हकीकत आजवर मीं फार थोड्या लोकांना सांगितली आहे. विद्यार्थी मित्रांना तिचा कांहीं उपयोग होईल, आणि त्यांच्या वडील मंडळींनाहि ती अगदींच परकी वाटणार नाहीं, असें मनांत आल्यावरून आज ती येथें लिहीत आहे.

प्रथम या गाडीची थोडी ओळख करून देणें जरूर आहे. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यानें आपली जगप्रसिद्ध 'मॉडेल टी' १९२७ सालीं बंद केली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ही 'मॉडेल ए' बाजारांत आणली. १९३२ पर्यंत अशा सुमारें अठ्ठेचाळीस लक्ष गाड्या तयार झाल्या. हिचें एंजिन चार सिलिंडरांचें व चाळीस अश्वशक्तीचें आहे. आजच्या मोटारींत जीं कामें यंत्रें आपणहून करतात, त्यांतलीं पुष्कळ हिच्यांत चालकाला हातानें करावीं लागतात. पेट्रोलची टाकी समोरच्या कांचेच्या पुढें, उंचावर आहे. तींतलें पेट्रोल आपल्याच वजनानें खालीं कार्ब्युरेटरांत उतरतें, त्यासाठीं पंप नाहीं. सुकाणूच्या चक्राखालीं दोन लहान दांड्या आहेत. एकीनें पेट्रोल कमीजास्त होतें. दुसरीनें सिलिंडरांत ठिणगी लौकर पडावी कीं उशिरां, हें ठरतें. हँडल मारून एंजिन सुरू करतांना ही दुसरी दांडी उशिराच्या बाजूस ओढून ठेवावी लागते. ती विसरली तर ठिणगी वेळेपूर्वीं पडते, एंजिन उलटा झटका देतें आणि हँडल धरणाराचें मनगट मोडतें. म्हणून हँडलाला आंगठ्याचा विळखा घालूं नये, आंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, हा या गाडीचा पहिला धडा होय.

वऱ्हाडांत कापसाला पांढरें सोनें म्हणत, आणि चार पैसे गांठीं असलेल्या घरीं त्या काळीं मोटार येई. परंतु आमची गाडी दारांत उभी राहते न राहते तोंच जगभर मंदी आली व कापसाचे भाव कोसळले. दुसरी गाडी घेणें दूरच राहिलें, हीच विकण्याची पाळी आली होती, असें आजोबा सांगत. गिऱ्हाईक मिळालें नाहीं म्हणून ती घरांत राहिली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलचें शिधावांटप सुरू झालें. देशांतील कित्येक गाड्या त्या वेळीं कोळशापासून काढलेल्या वायूवर चालत. आमची मात्र लांकडी ठोकळ्यांवर चढून बसली व तशीच पांच-सहा वर्षें बसून राहिली.

स्वातंत्र्यानंतर आजोबांनीं तिला पुनः रस्त्यावर आणण्याचें ठरविलें, आणि त्यासाठीं मूर्तिजापुराहून एका मिस्त्रींना बोलावून आणलें. ते आमच्याकडे राहिले ते सुमारें पंचवीस वर्षें. गाडी चालविणें आणि तिची निगा राखणें, हीं दोन्ही कामें त्यांचींच. घरांतील आम्ही मुलें त्यांना मिस्त्रीकाका म्हणत असूं.

मिस्त्रीकाकांचें शिक्षण मूर्तिजापूरच्या रेल्वेच्या एंजिनघरांत झालें होतें. मूर्तिजापूर हें शकुंतला गाडीचें ठाणें. तेथून एक फांटा दर्यापुरावरून अचलपुरास व दुसरा यवतमाळास जाई. ती अरुंद रुळांची गाडी आतां धावत नाहीं. परंतु तिनें आमच्या मुलुखाचा कापूस वर्षानुवर्षें मोठ्या लाइनीपर्यंत पोंचविला. तिचें वाफेचें एंजिन १९२१ सालीं, ज्या मँचेस्टरला आमचा कापूस जाई त्याच मँचेस्टरला घडलेलें. १९२३ पासून तें रुळांवर आलें आणि १५ एप्रिल १९९४ रोजीं डिझेल एंजिनानें त्याची जागा घेईपर्यंत धावत राहिलें. असें एंजिन सत्तर वर्षें टिकतें तें त्याच्या लोखंडाच्या जाडीमुळें नव्हे. वाफेच्या एंजिनाचा बॉयलर ठराविक दिवसांनीं थंड करून, उघडून, आंतून धुवावा लागतो. कारण पाण्याची वाफ होऊन जाते, पण त्यांतले क्षार मागें राहून भिंतींना चिकटतात. मिस्त्रीकाकांचें पोरवय त्या बॉयलरांतला गाळ उपसण्यांत गेलें होतें. "एंजिन आगीनं नाई मरत बापू, पान्यानं मरते," हें वाक्य मीं त्यांच्या तोंडून शेंकडों वेळां ऐकलें असेल.

त्यांची दिनचर्या पाहण्यासारखी असे. सकाळीं प्रथम गाडीखालीं वांकून जमिनीवर कोठें तेलाचा थेंब पडला आहे काय, हें ते पाहत. मग पट्टी काढून एंजिनांतलें तेल किती आहे व कसें आहे हें पाहत. बोटांत घेऊन चोळीत, वास घेत. या गाडीला तेल गाळण्याची सोय नाहीं, म्हणून दर आठशें किलोमीटरांनीं तेल बदलावें असें कंपनीचेंच सांगणें होतें, आणि तें त्यांनीं कधीं मोडलें नाहीं. हवा गाळण्याचीहि मूळ रचनेंत सोय नव्हती. आमची काळी माती उन्हाळ्यांत पिठासारखी उडते. ती हवेबरोबर सिलिंडरांत गेली म्हणजे तेलांत मिसळून कानशीप्रमाणें लोखंड खाते. म्हणून मिस्त्रीकाकांनीं एका टिनाच्या डब्याला भोकें पाडून, त्यांत तेलांत भिजविलेला काथ्या भरून, तो कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं बसविला होता. दर आठवड्यास काथ्या बदलतांना त्यांत सांचलेली माती ते मला दाखवीत व म्हणत, "एवढं शेत पोटात जात होतं इच्या." ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांमधील फट अर्ध्या मिलिमीटराएवढी लागते, ती ते मापाच्या पात्यानें पाहत. एंजिन चालूं असतां लांब पेचकसाचें टोंक त्याला टेकवून मूठ कानाशीं धरीत, आणि कोणत्या बेअरिंगांत ढिलाई आली आहे तें ऐकून सांगत.

गाडगे महाराजांचीं कीर्तनें त्यांनीं ऐकलीं होतीं. महाराजांचा जन्म १८७६ सालीं येथून जवळच, आजच्या अंजनगांव-सुर्जी तालुक्यांतील शेंडगांवीं झाला. गांवांत येतांच ते आधीं झाडू हातीं घेत, हें सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळीं एंजिन पुसतांना मिस्त्रीकाका हंसून म्हणत, "बाबा गाव झाडत. आपुन आपलं एंजिन झाडाव."

आतां माझ्या कामाकडे वळतों. दर्यापूर हें पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत येतें. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यांतील विहिरींचें पाणी खारट. पिण्यास वाईट आणि पिकासहि वाईट. मोटारीच्या एंजिनाभोंवतीं जें पाणी फिरतें, त्यालाहि हें पाणी अगदीं चालत नाहीं. आमच्या गाडींत सुमारें अकरा लिटर पाणी मावतें. तें एंजिनाची उष्णता घेऊन रेडिएटरांत येतें, तेथल्या बारीक नळ्यांतून उतरतांना निवतें व पुनः एंजिनांत जातें. जुन्या गाडींत यांतलें कांहीं पाणी रोज वाफ होऊन उडून जातें आणि तितकें नवें घालावें लागतें. टिनाच्या छपरावरून उतरणारें पावसाचें पाणी मिस्त्रीकाका एका झांकलेल्या हौदांत धरून ठेवीत, व वर्षभर गाडीला तेंच पाजीत.

१९७२ सालीं पाऊस आला नाहीं. महाराष्ट्रांतील तो दुष्काळ आजच्या आजी-आजोबांना आठवत असेल. १९७३ च्या उन्हाळ्यांत आमचा हौद कोरडा पडला. गोडें पाणी मिळे तें चंद्रभागेच्या वाळूंत खणलेल्या झिऱ्यांतून. तेंहि वाटी वाटीनें भरावें लागे. पहांटे रांग लावून घरांतील बायका घागरी आणीत. मी तेव्हां तेरा वर्षांचा. शाळेला सुट्टी होती. मिस्त्रीकाकांनीं मला सांगितलें, "बापू, गाडीच्या वाटचं अर्ध गुंड तू आनत जा. रोज सकाळी टाकाचं. खारं टाकाचं नाई."

चार-पांच दिवस मीं तें काम केलें. सहाव्या दिवशीं मीं झिऱ्यावरून आणलेलें सगळें पाणी स्वयंपाकघरांत दिलें आणि गाडींत घरच्या विहिरीचें पाणी ओतलें. माणसांना प्यायला पाणी नाहीं आणि यंत्राला गोडें पाणी कशाला, असें आजी एकदां बोलली होती. तेवढा आधार मला पुरला. आपण घरच्या माणसांवर उपकारच करीत आहों, अशी मीं स्वतःची समजूत घातली. परंतु खरें सांगावयाचें तर दुसऱ्या आठवड्यापासून मी झिऱ्यावर जाईनासा झालों, आणि वांचलेला वेळ विटीदांडूंत घालवूं लागलों. मिस्त्रीकाका विचारीत, "पानी टाकलं?" मी म्हणें, "टाकलं." तें खोटेंहि नव्हतें. असे दीड-दोन महिने गेले.

मे महिन्यांत एके दुपारीं आजीच्या पोटांत असह्य कळा येऊं लागल्या. डॉक्टरांनीं ताबडतोब अमरावतीस नेण्यास सांगितलें. आजोबा पुढें बसले, आजीला मागें निजविलें, आणि वाटेंत लागेल म्हणून पाण्याची एक भरलेली घागर सांभाळीत मी तिच्या पायांशीं बसलों. घागर मींच भरली होती, आणि तीहि विहिरीवर.

वलगांव अजून दूर असतां रेडिएटरच्या झांकणांतून वाफ उसळूं लागली. मिस्त्रीकाकांनीं एका बाभळीखालीं गाडी उभी केली व एंजिन बंद केलें. "मालक, अर्धा घंटा थांबा लागन. गरम लोखंडावर थंड पानी टाकाचं नाई," असें ते म्हणाले. मागून आजीचें कण्हणें ऐकूं येत होतें. आजोबांना तें सहन झालें नाहीं. माझ्या हातांतली घागर त्यांनीं ओढून घेतली, फडक्यानें झांकण उघडलें आणि भडाभडा पाणी ओतलें. एंजिनांतून 'टक्' असा आवाज झाला. मोठा नव्हता, वाळलेली तुराटी मोडावी तेवढाच. नंतर एंजिनाच्या बाजूनें पाण्याची एक बारीक धार रस्त्यावर गळूं लागली. मिस्त्रीकाका तिच्यापाशीं वांकून बराच वेळ बसून राहिले.

एस. टी. ची गाडी आली, उतारूंनीं जागा करून दिली, आणि आम्ही दिवेलागणीस अमरावतीस पोंचलों. रात्रींच शस्त्रक्रिया झाली. आजी वांचली. आणखी थोडा उशीर झाला असता तर आशा नव्हती, असें डॉक्टरांनीं आजोबांना सांगितलें.

तें वाक्य आजोबांच्या मनांत घर करून बसलें असावें. आजी घरीं आल्यावर त्यांनीं मिस्त्रीकाकांना ओसरीवर बोलाविलें. "पंचवीस वर्षें तुमच्या भरंवशावर ही गाडी सोंपविली. पाणी पाहणें तेवढें तुमच्याकडून झालें नाहीं? माझ्या घरचें माणूस गेलें असतें!" असें ते म्हणाले. मी दाराआड उभा होतों. आतां मिस्त्रीकाका माझें नांव घेतील, या भीतीनें माझे पाय कांपत होते. आणि त्यांनीं तें घ्यावें, असेंहि आंतून कोठें तरी वाटत होतें. मिस्त्रीकाका खालीं पाहून इतकेंच म्हणाले, "चुकी झाली, मालक." त्याच संध्याकाळीं आपलीं हत्यारें ताडपत्रीच्या पिशवींत भरून ते स्टेशनावर गेले. शकुंतला सुटल्याची शिटी मला घरांत ऐकूं आली. मी बोललों नाहीं. उद्यां बोलेन, असें त्या रात्रीं ठरविलें. आणि असे उद्यां पुष्कळ आले नि गेले.

गाडी ढकलत घरीं आणून गोठ्यांत ठेवण्यांत आली व तिच्यावर ताडपत्री पडली. आजोबा १९७९ सालीं वारले. मी पुढें यंत्रशास्त्राची पदविका घेतली. तेथें एके दिवशीं शिक्षकांनीं फळ्यावर लिहिलें कीं, कठीण पाण्यांतील कॅल्शियमचे विरघळलेले क्षार पाणी तापल्यावर न विरघळणाऱ्या चुनखडीच्या रूपानें खालीं बसतात. या थरांतून उष्णता फार कष्टानें जाते. आणि पाण्यांत मीठ असेल तर लोखंड अधिक झपाट्यानें गंजतें. वर्गांतील इतर मुलें तें वहींत उतरून घेत होतीं. मला तें उतरून घेण्याची गरज नव्हती. माझ्या डोळ्यांपुढें एका बाभळीखालीं उभी असलेली गाडी होती.

१९८४ सालीं मला पहिली नोकरी लागली, आणि रुजू होण्यापूर्वीं मी शकुंतलेनें मूर्तिजापुरास गेलों. मिस्त्रीकाका स्टेशनाजवळच एका लहानशा खोपटांत विहिरींवरचीं डिझेल एंजिनें दुरुस्त करीत असत. केस पांढरे झाले होते; हात तसेच काळे होते. मीं पाया पडून, पाठ केल्याप्रमाणें सगळें एका दमांत सांगून टाकलें. ते हातांतला व्हॉल्व्ह घांशीत राहिले. मग म्हणाले, "मले मालूम हाये."

मी थक्क झालों. ते म्हणाले, "तवाच कयलं होतं. गयतं पानी म्या जिभीले लावून पाह्यलं. खारं लागलं."

"मग आजोबांपुढें बोललां कां नाहीं?"

"काय बोलाव? एंजिन माह्या हाती होतं. पानी कोनतं जाते, थे चाखून पाहाची पायी माही होती. म्या पोराच्या भरोशावर सोडलं अन् दोन महिने चाखलं नाई. मालकाले म्हनलं थे खरंच म्हनलं, चुकी माहीच होती. तुही तुह्यापाशी."

मित्रांनो, मी क्षमा मागावयास गेलों होतों, आणि त्यांनीं क्षमा केली असती तर माझें ओझें तेव्हांच उतरलें असतें. त्यांनीं तसें कांहीं केलें नाहीं. आपल्या वांट्याची चूक त्यांनीं अकरा वर्षांपूर्वींच घेतली होती, आणि माझ्या वांट्याची माझ्यापाशीं तशीच ठेवली होती. थोड्या वेळानें हात पुसून ते म्हणाले, "गाडी हाये का विकली?" मीं "आहे" म्हटलें. "मंग चाल. उघडून पाहू."

नोकरीवर जाण्यास मला सवा महिना अवकाश होता. तो सगळा आम्ही गोठ्यांत घालविला. प्रथम हेडचे नट निघेनात. त्यांवर रॉकेल व तेल सोडून आठ दिवस नुसती वाट पाहिली. मी जोर करूं लागलों कीं मिस्त्रीकाका पाना काढून घेत. गंजलेल्या खिळीला जोर दिला तर ती तुटते, आणि मग आठ दिवसांचें काम महिन्याचें होतें. पिस्टन जाम झाले होते. सिलिंडरांतहि तेल ओतून तसेंच थांबावें लागलें. हेड उचललें तेव्हां पाण्याच्या वाटा दिसल्या. तीं भोकें पांढऱ्या-तांबूस थरानें निम्मीं बुजलेलीं होतीं. हा थर भाकरीच्या पापुड्याएवढा जाड होता. माझें विटीदांडूचें सारें खेळणें तेथें चिकटून बसलेलें मीं पाहिलें.

तो थर मीं स्वतः तारेनें व लहान छिन्नीनें खरवडून काढला. त्याला सहा दिवस लागले. रेडिएटर पितळेचा, त्याला छिन्नी चालत नाहीं. म्हणून घरांतील बायका तांब्याची भांडीं जिनें घांसतात त्या चिंचेचें पाणी त्यांत भरून ठेविलें. चिंचेच्या आंबटपणानें चुनखडी हळूहळू विरघळते. नंतर सोड्याच्या पाण्यानें धुतलें कीं आंबटपणा मागें राहत नाहीं. एंजिनाच्या बाहेरच्या भिंतीला पडलेला तडा वीतभर लांब होता. बिडाचें लोखंड वितळवून जोडावयास गेल्यास पुष्कळदां शेजारीं दुसरा तडा पडतो. मिस्त्रीकाकांनीं तो कपड्याप्रमाणें शिवला: तड्याच्या दोन्ही टोंकांस भोकें पाडून तो पुढें वाढूं नये असें केलें, मग तड्यावर एकाशेजारीं एक भोकें घेऊन त्यांत आटे पाडले, लोखंडी मळसूत्री खिळे बसविले, प्रत्येक खिळा शेजारच्याला थोडा कापून जाईल असा घेतला, आणि वरून हलक्या हातोडीनें ठोकून सगळें सपाट केलें. व्हॉल्व्ह घांसून बसविले. हेडचे नट आवळतांना मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंस बाहेर जावें, तेंहि तीन फेऱ्यांत थोडें थोडें. एकच नट एकदम घट्ट केला तर हेड वांकतें, हें त्यांनीं माझ्या हातून तीन वेळां करवून घेतलें.

रेडिएटर भरण्यासाठीं मी हौदांतलें पावसाचें पाणी घेऊन आलों. मिस्त्रीकाकांनीं माझ्याकडे नुसतें पाहिलें. मीं बोट बुडवून जिभेला लावलें, आणि मग ओतलें. ठिणगीची दांडी उशिरावर ओढली, आंगठा बोटांच्या बाजूस घेतला आणि हँडल उचललें. चौथ्या झटक्याला एंजिन खोकलें, सहाव्याला पेटलें. गोठा धुरानें भरून गेला.

आवाज ऐकून आजी काठी टेकीत बाहेर आली. मिस्त्रीकाका घरीं येण्यापूर्वींच मीं तिला सगळें सांगितलें होतें. ती तेव्हां कांहीं बोलली नव्हती. आतां ती त्यांच्यासमोर उभी राहिली व म्हणाली, "भाऊ, तुमची उधारी राह्यली आमच्यावर. जेवल्याबिगर जाऊ नका." त्या दिवशीं तिनें स्वतः भाकरी थापल्या आणि त्यांना ओसरीवर, आजोबांच्या जागेशेजारीं पाट मांडून वाढलें. ती जागा रिकामी होती. ज्यांनीं मिस्त्रींना बोल लाविला, ते खरें काय तें न कळतांच गेले. एंजिनाचा तडा अकरा वर्षांनींहि शिवतां आला. हा दुसरा मात्र मला शिवतां आला नाहीं, कारण मीं फार उशीर केला होता.

मिस्त्रीकाका पुनः नोकरीस राहिले नाहींत. परंतु पुढें जगले तोंवर वर्षांतून दोनदां येऊन गाडी ऐकून जात. आतां तेहि नाहींत. मी निवृत्त होऊन गांवीं परत आलों आहें व त्यांचें काम माझ्याकडे आहे. २०२१ सालीं सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठीं नोंदणीची वेगळी व्यवस्था केली, व त्यांच्या क्रमांकांत 'व्ही ए' हीं अक्षरें येऊं लागलीं; तीं आमच्याहि पाटीवर आहेत. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें आणि तें ओल शोषून घेतें. म्हणून गाडी फार दिवस उभी राहणार असेल तेव्हां मी टाकी रिकामी करतों. पावसाळ्यांत काळी माती फुगते, म्हणून चाकांखालीं फळ्या घालतों, आणि आठवड्यांतून एकदां हँडलानें एंजिन फिरवितों, म्हणजे पिस्टन धरून बसत नाहींत. गांवांत आतां शहानूर धरणाचें गोडें पाणी नळानें येतें, तरी हौद मीं मोडलेला नाहीं.

दर रविवारीं सकाळीं आठ वाजतां मी गाडी सुरू करतों. शाळेंतील मुलें पाहावयास येतात. त्यांपैकीं ज्याला हौस असेल त्याला मी काम देतों. कोणी पट्टी काढून तेल पाहतो, कोणी काथ्या बदलतो, कोणी पितळ पुसतो. पाणी घालण्याचें कामहि मी मुलांनाच देतों. ज्याला तें मिळतें त्यानें तें आधीं जिभेला लावून पाहावयाचें असतें. आणि त्यानें पाहिल्यावर मी पुनः एकदां पाहतों.